नऊ पॉइंट आठ

अमेरिकेत १९९१ साली 'एक्स-मेन'चा नव्याने पहिला अंक निघाला. लेखक ख्रिस क्लेअरमॉन्ट, चित्रकार जिम ली. आतली गोष्ट एकच, मुखपृष्ठं मात्र पाच. ऐंशी लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि सर्वाधिक खपाचं कॉमिक म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्यातल्या असंख्य प्रती कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत. पुढे कधीतरी भरपूर पैसे येतील या आशेने त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या गेल्या. आज हा अंक तिथल्या दुकानात पाचेक डॉलरांत मिळतो.

तोच अंक कडक पारदर्शक पेटीत सीलबंद होऊन, वरच्या निळ्या पट्टीवर ९.८ हा आकडा घेऊन आला, की त्याला दहा-बारा पट किंमत येऊ शकते. आकडा ९.६ निघाला, तर पेटीत घालण्याचा खर्चसुद्धा पुरता निघत नाही. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर तुम्हा-आम्हाला त्यांतला फरक सांगता येणार नाही. या ०.२ च्या फटीत आज एक अख्खा व्यवसाय चालतो. तपासणारे, इस्त्री करणारे, पेट्या बनवणारे, लिलाव करणारे आणि घरबसल्या खरेदी-विक्री करणारे हजारो हौशी लोक त्यावर आहेत. कागदाशी इतक्या बारकाईने वागणारी माणसं मला कधीच परकी वाटली नाहीत. म्हणून हा व्यवहार चालतो कसा, हे नीट समजून घ्यायचं ठरवलं.

याचं मूळ कॉमिक्समध्ये नाही, नाण्यांमध्ये आहे. जुन्या नाण्यांचा बाजार 'हे नाणं किती झिजलंय' या एकाच वादावर अडायचा. विकणारा म्हणायचा चकचकीत, घेणारा म्हणायचा घासलेलं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी त्यावर तोडगा काढला. ज्याचा व्यवहारात हितसंबंध नाही अशा तिसऱ्याने नाणं तपासायचं, दर्जाचा आकडा द्यायचा आणि आकड्यासकट ते पेटीत बंद करायचं. १९९१ मध्ये पीएसएने हीच पद्धत बेसबॉलपटूंच्या चित्रांच्या पत्त्यांना (कार्डांना) लावली. कॉमिक्सची पाळी आली २००० साली. एनजीसीच्याच घराण्यातली सीजीसी ही कंपनी उभी राहिली, आज तिचं ठाणं फ्लोरिडातलं सॅरासोटा. तिचे पहिले प्रमुख स्टीव्ह बोरॉक यांनी पुढे २०१४ मध्ये सीबीसीएस ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली. बाजारात वजन मात्र अजूनही सीजीसीचंच जास्त. २०२१ मध्ये ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीने सीजीसीच्या मूळ समूहात मोठा हिस्सा घेतला. हौसेचा धंदा किती मोठा झाला होता, हे त्यावरून कळतं.

२००० हे सालही महत्त्वाचं. त्याआधी कॉमिक घेणारा दुकानात जाऊन, पानं उलटून, हातात धरून घ्यायचा. किमतींसाठी १९७० पासून निघणारी ओव्हरस्ट्रीटची मार्गदर्शिका असायची आणि दर्जाचे शब्दही ठरलेले होते: पुअर, गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, निअर मिंट. पण शब्द ठरले म्हणून नजर ठरत नाही. ईबे आल्यावर ओरेगनचा माणूस ओहायोच्या माणसाला न पाहिलेलं कॉमिक विकू लागला आणि प्रत्येकाच्या घरातली प्रत 'निअर मिंट' झाली. शिवाय फाटलेली कड जोडलेली, उडालेला रंग शाईने भरलेला, वाकड्या कडा कापून सरळ केलेल्या, असे प्रकार फोटोत दिसत नाहीत. या अविश्वासावर सीजीसीने उपाय दिला तो पंचवीस पायऱ्यांच्या शिडीचा. तळाशी ०.५, माथ्यावर १०. खालच्या पायऱ्या लांब-लांब आहेत, वर जाऊ तशा जवळ येतात: ९.०, ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९, १०. शेवटचे दोन आकडे इतके विरळ की त्यांची आशा धरून कुणी कॉमिक पाठवत नाही. नव्या कॉमिक्सच्या बाजारात ९.८ म्हणजेच अव्वल.

जुन्या आणि नव्या कॉमिक्सची गोष्ट इथेच वेगळी होते. १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो, दहा सेंटला मिळायचा. मुलांनी तो वाचला, फाडला, युद्धकाळात रद्दीत दिला. उरलेल्या प्रती इतक्या थोड्या की २०१४ मध्ये ९.० दर्जाची एक प्रत ईबेवर बत्तीस लाख डॉलरांना गेली आणि २०२४ मध्ये ८.५ ची प्रत हेरिटेज या डलासच्या लिलावगृहात साठ लाखांना. तिथे मुळात अंक दुर्मीळ आहे. दर्जा ३.० असला तरी घर विकून घेणारे भेटतील. सीजीसीच्या हिशेबात १९७५ पासूनचं सगळं 'मॉडर्न', आणि मॉडर्न कॉमिक बहुतेक वेळा दुर्मीळ नसतं. लोकांनी ते पहिल्या दिवसापासून जपलेलं असतं. मग दुर्मीळ काय उरतं? फक्त निर्दोषपणा. तोही छापखान्यातून, ट्रकमधून, दुकानाच्या मांडणीवरून शाबूत आलेला.

हा निर्दोषपणा शोधतात कसा, ते मी न्यू जर्सीत माझ्या भाचीकडे पाहिलं. ती तिथेच वाढली, नोकरी सांभाळून आठ-नऊ वर्षं हा उद्योग करते. "मामा, आधी हात धुऊन या आणि नीट कोरडे करा," हे तिचं पहिलं वाक्य. हातमोजे नकोत, मोज्यात बोटाला कागद कळत नाही आणि कोपरा दुमडतो. टेबलावर एकच दिवा, तोही बाजूने प्रकाश पडेल असा खाली वाकवलेला. तिने पिशवीची चिकटपट्टी आधी पूर्ण काढून बाजूला टाकली, कारण कॉमिक बाहेर ओढताना तीच पट्टी मुखपृष्ठाला चिकटून रंग उचलते. मग दोन्ही तळहातांवर कॉमिक आडवं धरून ती ते सावकाश कलतं करत गेली. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणाऱ्या काळ्या मुखपृष्ठावर तिरप्या उजेडात एक बोटाचा ठसा उमटला. मग खालच्या अंगाला एक फिकट लाट, कुणीतरी अंगठ्याने दाबून धरलं होतं तिथे. मग तिने घडीची बाजू, म्हणजे स्पाइन, डोळ्याजवळ नेली. वरच्या पिनेच्या थोडं खाली केसाइतकी आडवी रेघ होती, दीड-दोन मिलिमीटरची. तिथे काळा रंग तुटून आतला पांढरा कागद दिसत होता.

"ही स्पाइन टिक. रंग तुटलाय, म्हणजे दाबून इस्त्री केली तरी ही जाणार नाही. अशी एखादी चालते. तीन-चार झाल्या की ९.८ विसरा."

त्यानंतर चारही कोपरे, त्यातही स्पाइनकडचे दोन जास्त जपून. पिना मध्यभागी बसल्यात का, त्यांनी कागद फाडलाय का, मुखपृष्ठाची घडी बरोबर पाठीवर आलीय का की मागच्या पानाचा पांढरा पट्टा पुढे डोकावतोय. उजव्या कडेला कापणी यंत्राचं पातं बोथट असल्याची खूण. हे छापखान्यातले दोष, त्यात वाचकाचा काही हात नाही. गेल्या काही वर्षांत बऱ्याच मासिक अंकांची मुखपृष्ठं आतल्या पानांइतक्याच पातळ कागदावर येऊ लागली आहेत. त्यामुळे दुकानात पोचेपर्यंतच स्पाइनवर टिका पडलेल्या असतात. तिने एकाच अंकाच्या पाच प्रती पुढ्यात घेतल्या होत्या. दोन तिने बाजूला काढल्या, तीन 'वाचायच्या' गठ्ठ्यात गेल्या. त्या तीन मला पूर्ण नव्या वाटल्या होत्या.

निवडलेल्या प्रती लगेच फ्लोरिडाला जात नाहीत. आधी प्रेस. रंग न तुटलेल्या चुण्या, लाटा, बोटाचे दाब हे कापडाला इस्त्री केल्यासारखे काढता येतात. आधी खास रबराने कोरडी सफाई, मग कागदाला मोजून थोडी आर्द्रता, दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, वर गरम पाट्याचं यंत्र, आणि मग कॉमिक दाबाखालीच पूर्ण निवेपर्यंत थांबायचं. घाई केली की कागद पुन्हा वळतो. उष्णता जास्त झाली की चकचकीत कागदाची शाई समोरच्या पानाला चिकटते, पिनेभोवती सुरकुती पडते, आणि हे नुकसान कायमचं. म्हणून बहुतेक लोक हे काम जाणकारालाच देतात. सीजीसीच्याच समूहातली सीसीएस ही कंपनी ते करते, शिवाय छोटे कारागीर गावोगाव आहेत. प्रेस करणं म्हणजे डागडुजी नव्हे, असं सीजीसीचं धोरण आहे, त्यामुळे प्रेस केलेल्या प्रतीलाही निळीच पट्टी मिळते. कापणं, रंग भरणं, जोडकाम हे आढळलं तर पट्टी जांभळी होते आणि किंमत कोसळते. प्रेस करणं म्हणजे खोटं रूप देणं, असं मानणारे जुने संग्राहक आहेत. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. कागदात नसलेलं काहीही त्यात घातलेलं नसतं.

मग अर्ज. कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, प्रत्येक अंकाचं नाव, क्रमांक, साल, मुखपृष्ठाचा प्रकार भरायचा आणि स्वतःच त्याची किंमत जाहीर करायची. शुल्काचे टप्पे या किमतीवर ठरतात, विमाही त्यावरच. कमी किंमत दाखवून शुल्क वाचवायला गेलात, तर वाटेत हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळते. अनेक प्रती एकदम पाठवणाऱ्यांसाठी प्रीस्क्रीन नावाची सोय आहे. '९.८ च्या खाली जाणारी प्रत पेटीत घालू नका' असं आधीच सांगायचं. तिथवर न पोचलेल्या प्रती थोडं शुल्क घेऊन तशाच परत येतात. भाची म्हणते, मॉडर्न कॉमिक्समध्ये पैसे बुडण्यापासून वाचवणारी ही एकच खिडकी आहे, आणि नवशिके नेमकी तीच वापरत नाहीत.

बांधणीलाही शिस्त आहे. प्रत्येक कॉमिक पिशवी आणि पुठ्ठ्यासकट, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, खोक्यात हलणार नाही असं. सॅरासोटाला पोचल्यावर मालकाचं नाव अंकापासून वेगळं केलं जातं. तपासणाऱ्याला फक्त कॉमिक दिसतं, ते कुणाचं आहे हे कळत नाही. तिथल्या तपासनिसांना कॉमिक्सची खरेदी-विक्री करायला मनाई आहे. पानं मोजली जातात, डागडुजीची तपासणी होते, कागदाचा रंग नोंदवला जातो ('व्हाइट', 'ऑफ-व्हाइट' वगैरे). एकाहून अधिक तपासनीस आकडा देतात आणि त्यातून अंतिम आकडा ठरतो. मग कॉमिक आधी आतल्या पारदर्शक पाकिटात आणि नंतर बाहेरच्या कडक पेटीत बंद होतं. पेटी उघडली की उघडल्याच्या खुणा राहाव्यात अशी तिची रचना. या पेटीला सगळे 'स्लॅब' म्हणतात, आणि पेटीबाहेरच्या कॉमिकला 'रॉ'. चित्रकाराची किंवा लेखकाची सही कंपनीच्या प्रतिनिधीसमोर झाली असेल तर पट्टी पिवळी. साक्षीदाराविना केलेली सही मात्र खरी असूनही त्यांच्या लेखी मुखपृष्ठावरचं लिखाण ठरू शकते.

आता हिशेब. भाचीने तो मला एका कागदावर मांडून दाखवला. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण खरं आहे. नवा अंक ५ डॉलर. मॉडर्न टप्प्याचं शुल्क ३०. प्रेस १५. जाण्यायेण्याच्या टपालाचा वाटा ८. झाले ५८. ९.८ आला आणि ८० ला विकला, तर ईबेचं तेरा टक्क्यांच्या आसपास कमिशन जाऊन हातात साडेएकोणसत्तर, म्हणजे नफा साडेअकरा. ९.६ आला तर तोच अंक ४५ ला जातो, हातात एकोणचाळीस, तोटा एकोणीस. एका ९.६ चा तोटा भरून काढायला जवळजवळ दोन ९.८ लागतात. म्हणजे दर तीनांतल्या दोन प्रती अव्वल ठरल्या, तरच बरोबरी. सगळ्या ९.८ येतील असं धरून पहिली पेटी पाठवणारा माणूस इथे अडकतो. कंपनीला मात्र आकडा कुठलाही आला तरी शुल्क मिळतंच. यात गैर काही नाही, ती सेवा विकते. पण 'स्लॅब केला की किंमत वाढते' हे वाक्य अर्धंच खरं आहे. ज्या अंकाला आधीच मागणी आहे आणि ज्याची प्रत खरोखर निर्दोष आहे, त्याचीच किंमत वाढते.

मागणी कशाने येते? बहुतेक वेळा 'पहिलं दर्शन' या एका गोष्टीने. मे १९८८ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन ३००' मध्ये टॉड मॅकफार्लेनने काढलेला व्हेनम पूर्ण रूपात आला. फेब्रुवारी १९९१ च्या 'न्यू म्यूटंट्स ९८' मध्ये डेडपूल. २०११ च्या 'अल्टिमेट फॉलआउट ४' मध्ये माइल्स मोरालेस. पात्र पडद्यावर येण्याची बातमी फुटली की त्या अंकाची किंमत उसळते. सगळ्यात बोलकं उदाहरण 'द वॉकिंग डेड'चं. ऑक्टोबर २००३ मध्ये पहिला अंक निघाला तेव्हा रॉबर्ट कर्कमन आणि टोनी मूर यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं आणि प्रती निघाल्या सुमारे सात हजार. आतली पानं काळी-पांढरी. २०१० मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली आणि ९.८ प्रती हजारो डॉलरांना जाऊ लागल्या. इथे सगळं जुळून आलं होतं: कमी प्रती, वाचून हाताळलेल्या प्रती आणि कुणी आधीपासून साठा न केलेला अंक.

नेमकी हीच गोष्ट ठरवून घडवता येत नाही. प्रकाशक मात्र तसा प्रयत्न करतात. दुकानदाराने साध्या मुखपृष्ठाच्या पंचवीस प्रती मागवल्या तर त्याला एक खास मुखपृष्ठाची प्रत मागवता येते. हा 'एकास पंचवीस'चा व्हेरिएंट. अमेरिकेतले कॉमिक्सचे दुकानदार न खपलेले अंक सहसा परत करू शकत नाहीत, म्हणून त्या एका प्रतीसाठी ते पंचवीस प्रती अंगावर घेतात. ही दुर्मीळता कारखान्यात ठरवलेली आहे. काही व्हेरिएंट टिकतात, बहुतेकांची किंमत दोन-तीन महिन्यांत उतरते, आणि तितका वेळ तर स्लॅब होऊन परत यायलाच जाऊ शकतो. २०२०-२१ मध्ये घरात कोंडलेल्या लोकांनी किमती आभाळाला नेल्या. तेव्हा कंपन्यांकडे इतका ढीग साचला की प्रती महिनोन्‌महिने परत येईनात. त्या परत आल्या तेव्हा किमती खाली यायला लागल्या होत्या.

याआधीचा फुगा याहून मोठा होता. १८ नोव्हेंबर १९९२ ला 'सुपरमॅन ७५' निघाला, सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक. काळी सीलबंद पिशवी, आत हाताला बांधायची काळी पट्टी. दुकानांबाहेर रांगा लागल्या, लोकांनी एकेक नव्हे तर गठ्ठ्याने घेतले, लाखो प्रती गेल्या. पुढच्या काही वर्षांत लोकांना कळलं की सगळ्यांकडे जे आहे ते कुणालाच विकता येत नाही. ग्राहक पाठ फिरवून गेले, दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. स्लॅबचा आजचा बाजार त्याच ढिगाऱ्यावर उभा आहे. फरक एवढाच की आता प्रती मोजलेल्या आहेत. कंपनी सेन्सस प्रसिद्ध करते: अमुक अंकाच्या ९.८ प्रती इतक्या, ९.६ इतक्या. विकत घेण्याआधी, आणि पाठवण्याआधी तर नक्कीच, हा तक्ता पाहावा. एखाद्या अंकाच्या हजारो प्रती आधीच ९.८ असतील तर तुमची प्रत त्या गर्दीत आणखी एक.

पेटीवरचा विश्वास हा या बाजाराचा पाया, त्यामुळे पेटी फसवते तेव्हा ते सगळ्यांना लागतं. पीएसएने १९९१ मध्ये प्रमाणित केलेला पहिला पत्ता होता होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचा, १९०९ च्या सुमाराचा, दर्जा ८. तो पुढे लाखो डॉलरांना हातोहात फिरला. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केलं की त्याने त्या पत्त्याच्या कडा कापल्या होत्या. कॉमिक्समध्ये धक्का बसला २०२३ च्या अखेरीस. पेटीला चरा पडला तर दर्जा पुन्हा न तपासता थोड्या पैशात नवी पेटी मिळते. एका विक्रेत्याने जुनी पेटी बेमालूम उघडून, आतली चांगली प्रत काढून, कमी दर्जाची घालून ती नव्या पेटीसाठी पाठवली, आणि कंपनीने जुन्याच आकड्याची नवी कोरी पेटी दिली. हे कंपनीने पकडलं नाही, पकडलं संग्राहकांनी, जुन्या आणि नव्या लिलावांचे फोटो शेजारी ठेवून. स्पाइनवरच्या टिका जुळत नव्हत्या. कंपनीने संशयास्पद अंकांची मोठी यादी जाहीर केली आणि २०२४ च्या सुरुवातीला न्यायालयात दावा लावला. मला यात आश्वासक वाटतं ते हे की शेवटी माणसाची कागदावरची नजरच कामी आली.

तरीही स्लॅब निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १९७४ च्या 'इन्क्रेडिबल हल्क १८१' मध्ये वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण रूपात आला. त्या वर्षी मार्व्हलने आतल्या पत्रव्यवहाराच्या पानावर एक छोटं चित्र-तिकीट छापायला सुरुवात केली होती, मुलांनी कापून वहीत चिकटवायचं. मुलांनी इमानाने कापलं. आज ते तिकीट नसलेल्या प्रतीची किंमत कितीतरी घटते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. पानं मोजून, तिकीट आहे याची खात्री करून कुणी लिहून दिलं असेल, तर हजारो डॉलर मोजणाऱ्याला तो मोठा आधार आहे. महागड्या अंकासाठी तो खर्च रास्त आहे. पाच डॉलरांच्या अंकासाठी मात्र नाही. तिथे वाचण्याचा अंक विनाकारण बंद होतो, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. ज्या चित्रकाराने बावीस पानं काढली, त्याचं एकच पान यापुढे जगाला दिसणार असतं. भाचीने यावर स्वतःपुरता नियम केलाय: प्रत्येक अंकाच्या दोन प्रती, एक वाचायची, वाचून आवडला तरच दुसरी पाठवायची. न वाचलेल्या अंकाला पुढे मागणी येईल की नाही, हे तिला सांगता येत नाही, असं ती म्हणते. त्यामुळे तिच्याकडच्या पेट्या कमी आहेत आणि विकल्यावर त्यांचे पैसेही झालेत.

तिच्या कपाटात एक अंक मात्र विकायचा नाही. 'स्पायडर-मॅन : इंडिया'. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचा. गोथम कॉमिक्सने तो २००४ मध्ये आधी भारतात काढला, मग चार अंकांत अमेरिकेत आला. शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसून इमारतींवरून झेपावणारा पवित्र प्रभाकर हा त्यातला नायक. तेव्हा अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. २०२३ मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात पवित्र आला, तो चित्रपट मराठीतही डब झाला, आणि संग्राहक त्याचा पहिला अंक शोधू लागले. भारतीय आवृत्तीच्या नितळ प्रती मिळणं अवघड. ती आपल्याकडे वाचली गेली, हातोहात फिरली, पावसाळ्यातून गेली.

आपल्याकडच्या जुन्या कॉमिक्सचं बहुतांश असंच झालं. टाइम्सच्या बेनेट कोलमनने १९६४ मध्ये सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघायची आणि १९९० मध्ये ती बंद पडली. वेताळ, मँड्रेक आणि पुढे आबिद सुरतींचा बहादूर. ज्यांच्या घरी ती आहेत त्यांनी प्रेमाने दहा-बारा अंक एकत्र बाइंड करून ठेवलेत. बाइंडरने कडा यंत्रावर सरळ कापल्यात, पिना काढून दोरा घातलाय. अमेरिकन मोजमापात ही कापलेली प्रत, म्हणजे तळाच्या दर्जाची. पण तिथल्या दर्जाची मराठी इंद्रजालला गरज नाही. त्याची सेन्सस नाही, आणि घेणारा भेटला तर तो अंकाचा क्रमांक विचारतो, दशांश नाही.

जपण्याची रीत मात्र त्यांच्याकडून जरूर घ्यावी. १९७७ मध्ये चक रोझान्स्की या दुकानदाराला डेन्व्हरमध्ये एडगर चर्च यांच्या घरी हजारो जुनी कॉमिक्स सापडली, काही तर चाळीस वर्षांपूर्वीची आणि तरी जवळजवळ नवी. ती बंद जागेत एकावर एक रचलेली होती आणि कोलोरॅडोची हवा कोरडी. आपली हवा तशी नाही, त्यामुळे आपल्याला जास्त करावं लागतं. साध्या मऊ प्लास्टिकऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची पिशवी, आत आम्लमुक्त पुठ्ठा, खोक्यात उभं आणि जरा घट्ट, म्हणजे अंक वाकत नाही. खोकं जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत एकदा खोकी उघडून कसर लागली नाही ना हे पाहणं. गंजलेल्या पिनेला हात लावू नये. सेलोटेप अजिबात नको, पाच-सात वर्षांत ती कागद पिवळा करते आणि ते काढता येत नाही. लॅमिनेशन तर त्याहून नको, ते कायमचं. बाइंड केलेले खंड असतील तर ते सुटे करायच्या फंदात पडू नका, आडवे ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत, आणि घरातल्या मुलांनी मागितले तर हात धुवायला सांगून वाचायला द्या.